फाट्यावरचा निळा हत्ती

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत माझे आबा पडले. उमेदवार म्हणून पडले असते तर चार दिवस लोक हसले असते आणि विसरले असते. ते विंझरच्या पुढं, आमच्या गावच्या फाट्यावर, मोरीच्या कठड्यावरून खालच्या चरात पडले आणि त्यांचा खुबा मोडला. कागदावर वेगळं लिहिलेलं आहे. काय लिहिलेलं आहे आणि खाली सही कुणाची आहे, तेही इथं सांगणार आहे. या आठवणींच्या आधीच्या प्रकरणांत मी दुसऱ्यांची उणीदुणी भरपूर काढली. आता माझी पाळी आहे.

विसाव्या वर्षापासून मी तालुक्यातल्या एका संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. पाण्याचं पत्रक, रेशनचं पत्रक, पानशेतकडं बंगलेवाल्यांनी वहिवाटीची वाट तारेनं बंद केली त्याचं पत्रक. ज्या सरांनी हे शिकवलं त्यांचा नियम एकच होता. पहिल्या ओळीत कुणी, कुणाला, कुठं, काय केलं ते आलं पाहिजे. विशेषणं नंतर, आणि जमलं तर नकोतच. पोटासाठी मात्र मी भोरमधल्या एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचे. वाढदिवस, दशक्रिया, यात्रा, कुस्त्या, कुणाच्या तरी नव्या हॉटेलचं उद्घाटन. दुकानाचे शेठ भला माणूस, पण माझ्या भाषेला कंटाळलेले. "सुजाता, ही लग्नपत्रिका आहे," ते म्हणायचे, "हिच्यात कुणी कुणावर अन्याय केला ते लिहू नकोस. आपोआप कळतंय नंतर."

आमच्या घरात पहाट व्हायची ती आईच्या भाकरीच्या आवाजानं. काटवटीत पीठ मळल्याचा आवाज येत नाही, थापल्याचा येतो, आणि तो आवाज थांबला की समजायचं भाकरी तव्यावर गेली. मग चुलीत सुकट भाजल्याचा वास. आबा तोवर ओट्यावर बसून मोबाईलवर बातम्या लावायचे, एवढ्या मोठ्या आवाजात की बौद्धवाड्यातल्या सातही घरांना वेगळा मोबाईल लागू नये. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी रस्त्यावर गेली. मैलकुली होते ते. नसरापूरकडून वेल्ह्याला जो रस्ता येतो त्यातला आमच्याकडचा तुकडा त्यांच्या ताब्यात. खड्डे भरायचे, चर काढायचे, पावसात दरड आली की फावडं घेऊन पळायचं, मोरीच्या कठड्यांना चुना मारायचा. निवृत्त झाल्यावरही ते एसटीनं जाताना खिडकीतून रस्ताच बघत. "हितं पाणी मुरतंय," असं कुणालाही न सांगता स्वतःशीच म्हणत. त्या रस्त्याचा प्रत्येक दगड त्यांच्या पायाला माहीत होता. वाचणाऱ्यानं ही गोष्ट लक्षात ठेवावी. मी विसरले होते.

त्या वर्षी भात कापणीला आलं आणि त्याच सुमाराला अमेरिकेची निवडणूक आमच्या भागात पोचली. कशी पोचली ते मला नक्की सांगता येणार नाही. मोबाईलमधून आली एवढं खरं. तिकडं एक म्हातारा उभा होता आणि एक बाई उभी होती, आणि विंझरच्या चहाच्या हॉटेलात या दोघांवरून माणसं एकमेकांना चहा पाजेनाशी झाली. जनमत जनमत म्हणतात ते कसं तयार होतं, हे मी त्या हॉटेलात उभ्या उभ्या बघितलं आहे. आमच्या गावात दोन पार्ट्या. एक तात्यांची. तात्या जुने सरपंच, नंतर जागा बायकांना गेली तेव्हा त्यांची बायको सरपंच. दुसरी सागरची. सागर पानशेतकडं फार्महाऊसचे प्लॉट दाखवायचा, पांढरे बूट घालायचा आणि तरुण मंडळाचा अध्यक्ष होता. सागरनं म्हातारा धरला. तो धरला म्हणून तात्यांनी बाई धरली. त्या दिवसापासून सागरच्या आळीला म्हातारा आवडायला लागला आणि तात्यांच्या भावकीला बाई. सोसायटीच्या निवडणुकीत जे ज्या बाजूला होते ते अमेरिकेतही त्याच बाजूला गेले. एक घर फुटलं नाही.

"बाईच यावी," तात्या म्हणायचे. "आपल्याला अनुभव हाय. बाई निवडून आली की कारभार नवरा बघतो, थंड डोक्यानं व्हतो."

"म्हातारा आला की तुमचा जावई बॅगा घेऊन परत येतोय बघा तात्या," सागर म्हणायचा. तात्यांचा जावई तिकडं नोकरीला होता आणि त्याचे राहण्याचे कागद अडकलेले होते. वर सागरच म्हणायचा, "येऊ द्या की. भात झोडायला माणूस मिळंना झालाय."

हॉटेल हसायचं. तात्या बशीतला चहा न पिता उठून जायचे.

"पण म्हातारा करणार काय?" असं मीच एकदा विचारलं. मी कोपऱ्यात एसटीची वाट बघत होते.

"सगळ्यांना सरळ करणार," सागर म्हणाला.

"सगळ्यांना म्हंजे कुणाला?"

तो माझ्याकडं बघून नुसता हसला. त्याच्या शेजारी त्याच्या मंडळातला विकास बसला होता. तो म्हणाला, "जे लई वर आल्यात त्यांना." आणि वडापावचा कागद चुरगळून माझ्या पायाशी टाकला. कागद टाकण्यात काही नव्हतं, हॉटेलात सगळेच टाकतात. पण मी भोरला पोचेपर्यंत तो कागद माझ्या डोक्यात होता.

बौद्धवाड्याला कुणी विचारलं नाही की तुम्ही म्हाताऱ्याचे का बाईचे. घरी आबांनी मात्र विचारलं होतं. नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी पुढ्यात, आणि मधेच म्हणाले, "सुजे, तिकडं चिन्ह काय असतंय गं?" मला घाई होती. मी म्हटलं, "असतंय कायतरी. एकाचं गाढव आहे." आबांना एवढं हसू आलं की ठसका लागला. "गाढवावर शिक्का मारत्यात? शिकल्याली माणसं ना ती?" आईनं पाणी दिलं. दुसऱ्याचं काय, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दुसऱ्याचं, म्हणजे म्हाताऱ्याच्या पक्षाचं, चिन्ह हत्ती होतं.

हत्तीचं सांगायला पाहिजे. आबांच्या तरुणपणी आपल्या माणसांच्या पक्षाचं चिन्ह हत्ती होतं. मत द्यायचं वय व्हायच्या आधीपासून आबा भिंती रंगवायचे. दुकानातली कपड्याची नीळ पाण्यात कालवायची, शिंदीच्या काडीचं टोक ठेचून ब्रश करायचा, आणि विंझरपासून वेल्ह्यापर्यंत जी भिंत मिळेल तिच्यावर हत्ती. आधी पाठ काढायची, मग पोट, मग पाय, सोंड सगळ्यात शेवटी, आणि सोंड वर. "खाली सोंड असल्याला हत्ती वझं उचलतोय," आबा सांगायचे, "वर असल्याला सलाम घेतोय." मला त्यांनी चुलीतल्या कोळशानं ओट्यावर हत्ती काढायला शिकवलं, शाळेत ग म भ न काढायच्या आधी. आमच्या गावात त्यांनी एकच हत्ती काढला, चावडीच्या मागच्या भिंतीवर. दुसऱ्या दिवशी गावानं त्याच्यावर शेण मारलं. आबांनी धुतला. पुन्हा मारलं. तिसऱ्या वेळी आजोबांनी आबांच्या हातातला तांब्या काढून घेतला. पुढं पक्षाचे तुकडे झाले, चिन्ह गेलं, आबा रस्त्यावर कामाला लागले, आणि आमच्या गावात परत हत्ती निघाला नाही. कपड्याचा एक बिल्ला तेवढा आईच्या ट्रंकेत होता, निळा, धुऊन धुऊन आभाळासारखा झालेला.

तर मतदानाला दहा-बारा दिवस असताना सागर दुकानात आला. म्हाताऱ्याला शुभेच्छांचा फ्लेक्स पाहिजे, दहा बाय आठ, फाट्यावर लावायला. वर म्हाताऱ्याचा फोटो, खाली मंडळाच्या पोरांचे फोटो ओळीनं, मधोमध सागर, मोबाईल कानाला लावलेला. मजकूर त्यानं सांगितला, मी टाईप केला. अमेरिकेचे भावी अध्यक्ष, विकासपुरुष, आमचे प्रेरणास्थान.

"आणि पक्षाचं चिन्ह टाक," तो म्हणाला.

"काय आहे चिन्ह?"

"मला काय म्हाईत? नेटवर बघ की. शिकल्याली ना तू?"

मला माहीत होतं. मी तिथंच सांगायला हवं होतं की बाबा रे, हत्ती आहे, आणि तुमच्या आळीला हत्ती चालत नाही. किंवा तिकडच्या पक्षाचं छापील चिन्ह, अर्धं लाल अर्धं निळं, चांदण्यावालं, बारीक करून कोपऱ्यात टाकायला हवं होतं. मी यातलं काही केलं नाही. तो गेल्यावर मी माऊस हातात घेतला आणि हत्ती काढला. आधी पाठ, मग पोट, मग पाय. सबंध निळा. डाव्या बाजूला, वरपासून फोटोंच्या ओळीपर्यंत, म्हाताऱ्यापेक्षा मोठा. शेवटी सोंड, आणि सोंड वर. मला त्या वेळी काय वाटत होतं ते लिहिते. मला वाटत होतं, ज्या गावानं माझ्या बापाच्या हत्तीला शेण मारलं, त्याच गावाच्या पोरांनी आता स्वतःच्या हातानं, स्वतःच्या खर्चानं, स्वतःचे फोटो खाली लावून हत्ती उभा करावा. मी हसत होते. शेठनी विचारलंसुद्धा, काय झालं.

नमुना सागरला मोबाईलवर पाठवला. पाच मिनिटांत फोन. "ए, माझा फोटो जरा गोरा कर." बाकी काही नाही. फ्लेक्सवर माणूस फक्त स्वतःला शोधतो, हे त्या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळतं, आणि माझा सगळा बेत त्याच्यावरच उभा होता.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. आमच्या टेम्पोवाल्यानं सांगितलं, आईनं सांगितलं, आणि शेवटचा तुकडा आबांनी. टेम्पो सकाळी दहाच्या सुमारास फाट्यावर पोचला. आबा विंझरला दवाखान्याच्या गोळ्या आणायला निघाले होते, एसटीला वेळ होता. टेम्पोवाल्यानं फ्लेक्स सोडला, डावी बाजू खांबाला बांधली, आणि उजवीकडचा वेळू आतून कुजलेला निघाला. तो म्हणाला, "बाबा, जरा धरता का, मी दुसरा वेळू घेऊन येतो." उजवी बाजू गुंडाळून ठेवली, खालची फोटोंची पट्टी दुमडून वर घेतली, म्हणजे वाऱ्यानं फाटायला नको. ती सगळी गुंडाळी आबांच्या हातात. टेम्पोवाला गेला. आणि रस्त्यावरून येणाऱ्याला आता दिसत होतं ते एवढंच, की फाट्यावर एक भला मोठा निळा हत्ती उभा आहे, आणि त्याला बौद्धवाड्यातला किसन मैलकुली धरून उभा आहे.

कापणीवरून न्याहारीला विकास आणि आणखी तिघं वर येत होते. विळे कमरेला.

"ए किसन," विकास म्हणाला. आबा त्याच्या आजोबांच्या वयाचे. "हे काय लावलं?"

"लावतोय," आबा म्हणाले.

"कुणाला इचारून? गावच्या फाट्यावर हत्ती? परत सुरू झालं व्हय तुमचं?"

आबांनी गुंडाळी आणखी घट्ट धरली. त्यांनी नुसती हातातली गुंडाळी सोडली असती तर वाऱ्यानं फ्लेक्स उलगडला असता, आणि म्हातारा, सागर, खुद्द विकास स्वतः, सगळे हसत हसत समोर आले असते. त्यांनी सोडली नाही. पोरांनी विळ्यानं फ्लेक्स चिरायला सुरुवात केली. हत्तीच्या पायापासून. आबा मधे गेले. आमच्या जातीचं नाव घेऊन एकानं शिवी दिली, ती टेम्पोवाल्यानं परत येताना लांबून ऐकली. मग विकासनं आबांच्या छातीला दोन्ही हात लावून ढकललं. मागं मोरीचा कठडा होता. कठड्याला आदल्याच वर्षी आबांनी, नोकरी नसताना, आपल्याआपण चुना मारला होता.

फ्लेक्स खांबावरून फाटून आबांबरोबर चरात गेला आणि तिथं उलगडला. आई सांगते, ती पळत गेली तेव्हा आबा खाली कण्हत होते, आणि वर ही पोरं वाकून फ्लेक्सकडं बघत होती. मग त्यातला एक म्हणाला, "आयला विकास, ह्यो तू हायस." आणि ते हसले. आई हे सांगताना दर वेळी तिथं थांबते. "हसली गं," म्हणते. मारहाणीचा राग तिला आहेच, पण तिच्या तोंडून आधी बाहेर येतं ते हसणं.

मी भोरच्या दवाखान्यात पोचले तोवर आबांना इंजेक्शन दिलेलं होतं आणि ते गुंगीत होते. बाहेर बाकावर तात्या आणि सागर शेजारी शेजारी बसले होते. अख्ख्या अमेरिकेच्या निवडणुकीत दोन पार्ट्या एका बाकावर आलेल्या मी तेवढ्या एकदाच बघितल्या.

"पोरी, गैरसमज झाला," तात्या म्हणाले. "पोरांना काय म्हाईत तो अमेरिकेचा हाय?"

"अमेरिकेचा नसता तर?" मी विचारलं.

तात्यांनी सागरकडं बघितलं. सागर म्हणाला, "किसनआबांचा सगळा दवाखाना मी बघतो." सकाळपर्यंत नुसते किसन असलेले आबा दुपारी किसनआबा झाले होते. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "केस करायची तर कर. पण हत्ती कुणी काढला ते मी सांगणार. नेटवर बघितलाय म्या त्यांचा हत्ती. असा न्हाई. तू मुद्दाम काढलाय. दुकान बंद पाडीन, आणि कोर्टात इचारीन, भांडण कुणी लावलं?"

इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते, भिऊ नका, लिहून द्या. माझ्या पत्रकांनी माणसं तहसील कचेरीत जाऊन बसली होती. आणि तिथं, त्या बाकासमोर, मला एवढंच दिसत होतं की सबंध तालुक्याला कळणार, बापाचं हाड या पोरीनं चेष्टेपायी मोडून घेतलं. हवालदार जबाब घ्यायला आले. त्यांनी विचारलं, "कसं पडले?" त्यांनी काही सुचवलं नाही, दमदाटी केली नाही, पेन धरून बसले होते. मी म्हणाले, "फाट्यावर फ्लेक्स धरून उभे होते. पाय घसरून पडले." त्यांनी लिहिलं. टेम्पोवाल्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानं आपणहून सांगितलं नाही, त्यालाही त्याच रस्त्यानं रोज जायचं होतं. जखमी शुद्धीवर नाही म्हणून खाली मुलगी म्हणून मी सही केली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं लिखाण ते. कुणी, कुणाला, यातलं त्यात काहीच नव्हतं.

चार दिवसांनी सागरचा निरोप आला, दुसरा फ्लेक्स कर, मजकूर तोच. "आणि हत्ती नको. सिंह टाक. कोण बघतंय." मी सिंह टाकला. आमच्या वेल्हे तालुक्यापुरता अमेरिकेचा म्हातारा सिंह या चिन्हावर लढला.

निकालाच्या दिवशी मी रजा काढून घरी होते. ऑपरेशन होऊन आबा घरी आले होते, पुढच्या खोलीत कॉटवर, दाराकडं तोंड करून. खालच्या खाचरांत झोडणी चालू होती. भाताची पेंढी लाकडाच्या फळीवर आपटायची, आपटायची, मग झटकायची. धप, धप, सळ्ळ. सबंध खोऱ्यात त्या दिवसांत दुसरा आवाज नसतो. दुपारी बाराच्या सुमारास फाट्याकडं फटाके वाजले आणि झोडणी थोडा वेळ थांबली.

आई पेज घेऊन आली. मी आबांना चमच्यानं भरवत होते. कितीतरी दिवस मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. मला वाटत होतं, आबांना तो हत्ती आपलाच वाटला असणार. इतक्या वर्षांनी आपला हत्ती गावात आला असं समजून ते त्याच्या आड उभे राहिले, आणि निदान तेवढं तरी मी त्यांच्याकडून काढून घेऊ नये. म्हणून मी म्हणाले, "आबा, हत्ती आला बरं का निवडून."

आबांनी पेज गिळली. "मला काय सांगतीस?" म्हणाले. "त्या गोऱ्याचा हत्ती त्यो."

माझा हात तिथंच राहिला.

"म्या बघितला की त्याला. टेम्पोवाल्याला फ्लेक्स सोडू कुणी लागला? मीच ना? गोरा म्हातारा, खाली सागऱ्या, इकास, समदी बघितली."

"मग तुम्ही सांगितलं का नाही त्यांना? नुसती गुंडाळी सोडायची. एवढंच करायचं होतं तुम्ही."

"सोडली असती तर काय झालं असतं?"

"काही झालं नसतं. हसून गेले असते."

"व्हय. हसून गेलं असतं." आबा दाराबाहेर बघत होते. "गोऱ्याचा हत्ती हाय, ऱ्हाऊ दे. किसनाचा असता तर फाडला असता. आसं तेंच्यापुढं म्या माझ्या तोंडानं म्हनायचं व्हतं व्हय? गाढवावर शिक्का मारल्यावानी?"

आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मी बघितलं तर ती हसत होती आणि रडत होती. आबांनी चमच्यासाठी तोंड उघडलं, मी भरवला, आणि मग ते म्हणाले, "सोंड तुझी व्हती. लांबनं वळखली म्या. माऊसनं काढल्यावर बी तू सोंड जरा जास्तच वाकीवतीस."

मी पुढचा चमचा भरला. आबांनी ते मला रागानं सांगितलं का कौतुकानं, ते मला आजही ठरवता येत नाही.

"कागदावर काय लिव्हलंय?" त्यांनी विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं, त्यांना कागद कुणी दाखवला नव्हता. मी सांगितलं. पाय घसरून पडले, असं लिहिलं आहे. सही माझी आहे.

आबांनी चमचा बाजूला सारला. खाली झोडणी परत सुरू झाली. रागावले असते, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. ते अगदी हळू, मैलकुली एखाद्या साहेबाला रस्त्याची अडचण समजावून सांगतो तशा आवाजात म्हणाले, "सुजे, त्या मोरीवर माझा पाय घसरंल व्हय गं?"

एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही कागद बदलायला गेले नाही. उद्या जाऊ, आबा चालायला लागले की जाऊ, असं मी ठरवत राहिले. आबा चालायला लागले नाहीत. पाठीला जखमा झाल्या, खाणं सुटलं, आणि पुढच्या भातलावणीच्या आधी ते गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला तात्याही आले होते, सागरही. विकास आला नाही. तो आता पुण्याला असतो, भेटला की "ताई, कसं चाललंय" विचारतो, आणि मी "बरं आहे" म्हणते.

मी भोरची नोकरी सोडली. संघटनेत सांगितलं की आता पत्रकं दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, हात दुखतो. तीही एक खोटी सहीच होती. तिकडं अमेरिकेत पुढच्या निवडणुकीचं वारं सुरू झालंय म्हणतात, विंझरच्या हॉटेलात माणसं परत दोन बाजूंना बसायला लागली आहेत. फाट्यावर सिंहाचा फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला आहे. त्याच्यावर म्हातारा कोण आणि सागर कोण, ओळखू येत नाही.

सरांचा नियम मी पहिल्यांदा मोडला तो त्या जबाबात. आता उशीर झाला आहे, हे वाचून कुणाला शिक्षा होणार नाही, मलाही नाही. तरी ते पत्रक मी आज लिहिते. एकच ओळ आहे, तीच पहिली.

माझ्या वडिलांना, किसन मैलकुलींना, आमच्या गावच्या फाट्यावर मोरीपाशी विकासनं दोन्ही हातांनी ढकललं. त्यांचा पाय घसरला नव्हता. हत्ती मी काढला होता.